माळ्यावरच्या दोन पेट्या आणि पुठ्ठ्याचं एक तिकीट

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पोळ्याला तुम्ही पुण्याहून कारंज्याजवळच्या तुमच्या गावी गेलात. तान्ह्या पोळ्याला पोरांना लाकडी नंदी हवा म्हणून माळ्यावर चढलात, तर नंदीच्या मागे दोन लोखंडी पेट्या निघाल्या. एकीत चांदोबा-किशोरचे अंक, शाळेची पुस्तकं आणि कागदपत्रं. दुसरीत पितळी भांडी, एचएमटीचं घड्याळ, नाण्यांची पिशवी, आणि बाजूला जुना रेडिओ. चांदोबाच्या एका अंकात मूर्तिजापूर ते कारंजा असं रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं. मोठे भाऊ म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाकू. आई काहीच बोलत नाहीत. मुलं, एक दहा वर्षांचं आणि एक सात, नंदी घेऊन पळाली आणि पेटीकडे वळूनही पाहिलं नाही. आता दिवाळीला परत जाणार आहात, तर काय ठेवावं, काय विकावं, टिकवावं कसं आणि मुलांना यात गोडी कशी लागेल, हे तुम्ही विचारलंय.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात २९ वर्षं ग्रंथपाल होते. कुणाचं घर पडलं, वाटणी झाली, म्हातारं माणूस गेलं, की पुस्तकांची पोती आमच्या दारात यायची. पुस्तकांसोबत पोत्यात काय काय असायचं ते सांगत बसले तर रात्र पुरणार नाही. शेकडो पेट्या-पोती उपसल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली, ती आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. वस्तू नासते ती उधईने आणि ओलीने, हे खरं. पण त्याआधी ती नासते ती कुणाची, कुठून आली, कशासाठी ठेवली हे सांगणारं माणूस गेल्याने. म्हणून पेटी साफ करायला घेऊ नका. आधी आईंना विचारा.

आई बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. आमच्याकडे एक मुलगा आजोबांची पेटी घेऊन आला होता. आजी सोबत होती, ती बाकावर गप्प बसून होती. मी तळातून एक गडवा, म्हणजे तांब्या, काढला आणि सहज विचारलं, "आजी, हा कोणाचा जी?" तर म्हणाली, "माह्या मायचा. बाळंतपणाले आली तवा घेऊन आली होती." मग दोन तास ती बोलत होती. नातवाला त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. त्याने तोवर आजीला विचारलं होतं, "हे ठेवायचं का विकायचं?" या प्रश्नावर म्हातारं माणूस गप्पच बसतं, कारण ठरवायचा हक्क आता आपला नाही असं त्याला वाटतं. एकेक वस्तू हातात देऊन "ही कोणाची?" असं विचारलं तर उत्तर येतं. म्हणून आईंसमोर पेटी एकदम उपडी करू नका. एका बैठकीत दहा-बारा वस्तू पुरेत. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, पण मोबाइल समोर धरून नको; बाजूला ठेवून द्या आणि तुम्ही वस्तूकडे पाहत राहा. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्याने जाड कागदाची चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर पेन्सिलनेच लिहा, शाई ओलीत पसरते.

दिवाळीला अजून अवकाश आहे आणि पावसाळा पुरता सरलेला नाही. म्हणून आज एक फोन करून ठेवा: दोन्ही पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ओढून चार-चार विटांवर ठेवायला सांगा. उधई जमिनीतून आणि भिंतीतून मातीची नळी करत येते. पेटी भिंतीला टेकलेली नसली की तिची वाट दिसते आणि मोडता येते. कवेलूचं घर असेल तर वरून पाणी ठिबकतं का तेही बघायला सांगा. यापेक्षा जास्त काही तोवर कुणी करू नये. विशेषतः कुणी हौसेने पुस्तकं उन्हात वाळत घालू नयेत. आपल्याकडचं ऊन पापडाला चांगलं, कागदाला नाही.

आता कागदाबद्दल जरा सविस्तर, कारण माझं आयुष्य त्यात गेलंय. मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातलाच एक घटक, राहून गेलेलं असतं, ते उजेड आणि हवा लागून पिवळं पडतं. कागदातलं आम्ल धाग्यांना आतून कमजोर करतं. म्हणून जुना अंक दुमडला की मोडतो. हे थांबवता येत नाही, मंद करता येतं, आणि त्यासाठी सावली, कोरडेपणा आणि कमी हाताळणी एवढंच लागतं. अंक छपरीत सावलीत, सुती चादरीवर उघडा. नाकातोंडाला रुमाल बांधा, बुरशीची धूळ छातीत जाते. मऊ रंगाच्या ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या बाजूला झाडा. फडक्याने पुसू नका, धूळ कागदात घासली जाते.

मासिकांच्या मधल्या पिना गंजलेल्या असतील. त्या ओढून काढल्या तर पान फाटतं. मागच्या बाजूने पिनेचे पाय बोथट सुरीने सरळ करा, मग पुढून अलगद उचला. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ मारा. अंक पुन्हा उभा राहतो, पुढची पन्नास वर्षं गंज नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीच लावू नका. ती चार-सहा वर्षांत निघून जाते, पण तिचा गोंद तपकिरी डाग होऊन कागदातच राहतो. फेव्हिकॉलही नको, तो पुन्हा सोडवता येत नाही. मैद्याची किंवा आरारूटची पातळ खळ आणि पतंगाच्या कागदाहून पातळ असा पांढरा टिश्यू कागद वापरा. आमचे जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे कसर लागत नाही. ते विष आहे, मुलं असलेल्या घरात ते नको, आणि कालांतराने मोरचुदाचं तांबं कागदालाच खातं.

अंक बाइंडिंगला देणार असाल तर एक सांगते. वाचनालयात लागल्यावर सुरुवातीच्या वर्षांत मी एका शिक्षकांच्या घरून आलेले मासिकांचे बारा अंक शहरात बांधायला दिले. खंड सुरेख बांधून आला, कडा सरळ कापलेल्या. घरी येऊन उघडला तेव्हा लक्षात आलं, की त्या शिक्षकांनी समासात पेन्सिलने केलेल्या सगळ्या नोंदी कापणीत गेल्या होत्या. कुठे अर्धं अक्षर, कुठे वेलांटीचं टोक तेवढं उरलं होतं. समासात काय आहे हे मी आधी पाहिलं नव्हतं आणि कापू नका असं सांगितलंही नव्हतं. अजून मला त्याचं वाईट वाटतं. तेव्हा बाइंडरला शब्द घाला: कापायचं नाही, नुसतं शिवायचं.

कीड दिसली, म्हणजे बारीक भोकं, भुसा किंवा चंदेरी कसर पळताना दिसली, तर तो अंक वेगळा काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. आम्ही गावच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरचा एक कोपरा हिवाळ्यात वापरायचो. तेव्हा तो रिकामाच असायचा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाच्या कांड्या आपल्या आज्या ठेवायच्या, तुम्हीही ठेवा, पाला सावलीत खडखडीत वाळवून. पण पाल्याच्या भरवशावर पेटी तीन वर्षं बंद ठेवली तर पालाही किडेच खातील. खरी राखण म्हणजे पेटी दर दोन-तीन महिन्यांनी उघडणं. तुम्ही पुण्यात, तेव्हा हे काम गावात कोण करेल ते आधी ठरवा. कुणी करणारं नसेल तर कागद पुण्यालाच न्या. भांडी राहिली तरी चालतील.

कोणता कागद किती जुना हे ओळखायच्या खुणा सांगते. हा खेळ मुलांना फार आवडतो, मी शाळेच्या पोरांसोबत पुष्कळ खेळलेय. किंमत आण्यांत छापली असेल तर छपाई बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नये पैसे छापलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आपल्या वऱ्हाडच्या कागदांना आणखी खुणा आहेत. मुद्रांकावर 'सी. पी. अँड बेरार' असेल तर इंग्रजी अमदानीतलं किंवा स्वातंत्र्यानंतर लगेचचं. शाळेच्या पुस्तकावर मध्यप्रदेश शासन दिसलं तर दचकू नका. १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. आणि तुमच्या घरच्या पाकिटांवर 'जि. अकोला' असेल तर ती १९९८ च्या आधीची, कारण वाशीम जिल्हा त्या वर्षी १ जुलैला वेगळा झाला. दहा वर्षांच्या पोराच्या हातात दहा पाकिटं द्या आणि ती जुन्या-नव्याच्या क्रमाने लावायला सांगा. त्याला इतिहास शिकवतोय असं म्हणू नका. नुसतं लाव म्हणा.

पेटीत हाताने लिहिलेली पोथी निघाली तर मात्र थांबा. आपल्या भागात हे अशक्य नाही. कितीतरी महानुभाव घरांत पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या बासनात बांधून ठेवलेल्या आहेत, काही तर सकळ लिपीत, जी बाहेरच्याला वाचता येऊ नये म्हणूनच केलेली. ज्या लीळाचरित्रापासून मराठी गद्य सुरू झालं म्हणतात, ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झालं. आणि तुमच्या कारंज्याचंच उदाहरण घ्या. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत पोथ्या जपलेल्या होत्या म्हणून अमरावतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांना अपभ्रंश भाषेतले ग्रंथ सापडले आणि छापून आणता आले. कुणीतरी शेकडो वर्षं फडकी बदलत राहिलं म्हणून ते घडलं. तेव्हा हस्तलिखित दिसलं की त्याची पानं मोजून, फोटो काढून, सुती कापडात बांधून ठेवा. मोडी कागद असतील तर नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात विचारा, मोडी वाचणारी माणसं तिथून कळतात. ७५ वर्षांपेक्षा जुनं, साहित्य किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाचं हस्तलिखित आणि १०० वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, तशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. कुणी परदेशातलं गिऱ्हाईक सांगत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चांदोबा आणि किशोरकडे येते. चांदोबा मद्रासहून यायचा. मूळ तेलुगू आणि तमिळ अंक १९४७ ला सुरू झाला, मराठी १९५२ ला. किशोर आपल्या बालभारतीचं, नोव्हेंबर १९७१ पासूनचं. किशोरचे जुने अंक बालभारतीने आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोकळे केले आहेत, म्हणून तुमचे अंक फाटके असतील तर मजकूर गेला असं नाही. मग ठेवायचा कोणता? माझा नियम सोपा आहे. ज्या अंकावर घरच्या माणसाचा हात लागलेला दिसतो तो ठेवायचा. कोडं अर्धं सोडवलंय, चित्र रंगवलंय, कोपऱ्यात नाव गिरवलंय, भावाशी भांडून 'हा अंक माझा आहे' असं लिहिलंय, तो. कोरा, नीटस अंक जवळच्या वाचनालयाला दिला तरी चालेल. पैसे देणारा संग्राहक याच्या उलट सांगेल, त्याला स्वच्छ अंक हवा असतो. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे, पण तुम्ही संग्राहक नाही, त्या घरचे लेक आहात.

मुलांना गोडी लागायची ती इथूनच लागेल. मी किती वेळा पाहिलंय, जुनं मासिक पोराच्या हातात दिलं की ते दोन पानं उलटून ठेवून देतं. पण "हे बघ, तुझ्या बाबाने राक्षसाला मिशा काढल्या" म्हटलं की ते शेवटच्या पानापर्यंत जातं, बाबाने आणखी काय केलं ते शोधत. शोधता शोधता एखादी गोष्ट वाचली जाते. त्यानंतर विक्रम-वेताळ मोठ्याने वाचून दाखवा. त्या गोष्टींची बांधणीच अशी, की शेवटी वेताळ प्रश्न विचारतो आणि उत्तर माहीत असून दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील म्हणतो. तिथे अंक मिटा. विक्रमाचं उत्तर वाचू नका. मुलांना उत्तर देऊ द्या, आजीला देऊ द्या, काकालाही द्या. आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी पोट्टे या एका प्रश्नावर असे भांडायचे, की बाहेर पारावर बसलेले म्हातारे आत यायचे. विक्रमाचं उत्तर दुसऱ्या दिवशी वाचा. रात्रभर ती गोष्ट घरात राहते.

तिकिटाबद्दल तुम्ही विचारलं, याची किंमत येईल का. थोडीफार येईलही. पण भाऊ, ते तिकीट ज्या पानात सापडलं ते पान तुम्हाला आठवतंय का? आठवत असेल तर ते परत तिथेच ठेवा, पातळ बटर पेपरमध्ये गुंडाळून, म्हणजे पुठ्ठ्याचा डाग पानावर उतरणार नाही. कुणीतरी शकुंतलेत, म्हणजे या मार्गावरच्या छोट्या रेल्वेगाडीत, बसून वाचत होतं, कारंजा आलं, तिकीट पानात घालून ते माणूस उतरलं. वाचन कुठे थांबलं याची ती खूण आहे. तिकीट काढून फ्रेममध्ये लावलं तर तिकीट उरतं, ती खूण जाते.

त्या गाडीने मी लहानपणी दारव्हा मोतीबागहून मूर्तिजापूरला मामाकडे जायचे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६, अडीच फूट रुंदीचा रूळ, आणि मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन. ते १९२३ पासून चाललं, १९९४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या जागी डिझेल आलं. माय खिडकीशी बसायची नाही, कोळशाचे कण डोळ्यात जातात म्हणून. मला मात्र तिथेच बसायचं असायचं. डब्यात ओळखीचं कुणी ना कुणी असायचंच. फुटाण्यांची पुडी ज्या कागदात बांधलेली असे, तो कागद मी फुटाणे संपल्यावर सरळ करून वाचायचे. वाचायची सवय मला त्या कागदांनी लावली. आता गाडी धावत नाही. दिवाळीत एका सकाळी मुलांना कारंज्याच्या जुन्या स्टेशनजवळ न्या, तो अंक सोबत घेऊन. इमारत रेल्वेची आहे, आत शिरू नका. बाहेरच बसून तिकिटाच्या पानापासून पुढे वाचा. आई सोबत येऊ शकल्या तर त्या डब्यात कोण कोण असायचं ते त्याच सांगतील. येताना सोहोळच्या अभयारण्याकडून या. सकाळी लवकर गेलात तर काळवीट दिसतात.

भांड्यांची पेटी आता. पितळ घासायची घाई नको. आधी प्रत्येक भांडं उजेडात तिरपं धरून काठाखाली आणि पोटावर बघा, नाव घातलेलं असेल. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख घालायची रीत होती. आईंच्या माहेरची कितीतरी नाती तुम्हाला तिथे सापडतील. अक्षरं भरली असतील तर त्यावर तांदळाचं पीठ चोळून फुंकर मारा, पांढरी उठून दिसतात. फोटो काढा, वहीत उतरवा, मगच चिंचेचा कोळ आणि गाळलेल्या राखेने हाताने घासा. बाजारातलं तेजाब वापरू नका. एका बाईंनी आणलेला गंज, म्हणजे पितळी पातेलं, मी पाहिला होता, सोन्यासारखा चमकत होता, पण तिच्या आजीचं नाव चार ठिपक्यांएवढं उरलं होतं. स्वयंपाकाला वापरणार असाल तर आतून कल्हई हवीच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. कल्हईवाला नवसागर टाकून भांडं तापवतो आणि कथील फिरवतो. कथील शुद्ध आहे का, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारा. आसपास कुणी उरला नसेल तर भंडाऱ्याकडे चौकशी करा, पितळी भांड्यांचं ते जुनं गाव आहे. काशाच्या थाळीला कल्हई करत नाहीत, ती तशीच वापरा. धान्य मोपायची पायली-कुडव निघाली तर मुलांकडून घरचे तांदूळ मोपून घ्या आणि ते किलोच्या काट्यावर घाला. गावागावाची पायली वेगळी होती, तुमच्या घरची किती ते तुम्हालाच शोधायचंय.

नाण्यांचं लवकर आटोपते. किंग जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. १९३९ पर्यंतच्यात चांदी सुमारे ९२ टक्के, १९४० नंतरच्यात निम्मी, आणि १९४७ चा निकेलचा. भोकाचा पैसा, कमळाचे पिवळे वीस पैसे, ॲल्युमिनियमचे तीन पैसे घरोघर सापडतात, त्यांचे लाखो रुपये कुणी देत नाही. तसं सांगून आधी कमिशन किंवा कर भरायला लावणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलंय. नाणी घासू नका, घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. ती मुलांना द्या आणि दुकान-दुकान खेळू द्या. हो, पेटीत सापडलं ते घरचं, पण घर पाडताना जमिनीत पुरलेलं काही लागलं तर १८७८ च्या कायद्याने ते कलेक्टरला कळवावं लागतं. हे भावांनाही सांगून ठेवा.

रेडिओ प्लगला लावून पाहू नका, एवढं ऐका. वीसेक वर्षं बंद असलेल्या वॉल्व्हच्या रेडिओतले कपॅसिटर सुकलेले असतात, वायरचं रबर सुटलेलं असतं. एकदम वीज दिली तर पेटू शकतो. जुना मेकॅनिक शोधून त्यालाच उघडू द्या. चालू नाही झाला तरी त्याची काच पुसून ठेवा. काचेवर गावांची नावं छापलेली असतील, काटा फिरवला की दोरी सरकते, सात वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून आहे; त्या घरात त्या केंद्राचं काय ऐकलं जायचं ते आईंना विचारा. घड्याळाला हळू चावी द्या, अडली तर जोर लावू नका. एचएमटीची चावीची घड्याळं दुरुस्त करणारे तालुक्याच्या गावात अजून बसतात.

भांडी घासून पुन्हा पेटीत टाकायची असतील तर घासूच नका, असं माझं मत आहे. वस्तू वापरात आली की मुलांची होते, आणि आपल्याकडे त्यासाठी निमित्तं आहेत. दिवाळीनंतर कार्तिकात आवळीभोजन असतं. तुम्ही सुट्टी दोन दिवस वाढवा. कुणाच्या तरी वावरात आवळीचं झाड असेलच. आधी झाडाची पूजा, मग त्याखाली पंगत. गोवऱ्यांच्या आरात रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि ते वरण आईंच्या लग्नातल्या गंजात शिजलेलं, कल्हई केलेल्या. दुपारी झाडाखाली सतरंजी टाकून किशोरचा अंक. जमलं तर डिसेंबर-जानेवारीत एकदा बहिरमला जा, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूरबाजार तालुक्यात. महिनाभराहून जास्त चालणारी ती जत्रा आहे. माझ्या लहानपणी लोक बैलगाड्या, खासरं घेऊन राहुट्या ठोकून राहायचे. हंडीतलं मटण आणि रोडग्यांसाठी लोक अजूनही दुरून येतात. सोबत घरचीच परात, घरचाच गडवा न्या. जत्रेत भांडं घेऊन बसलं की शेजारच्या राहुटीतली बाई विचारतेच, कुठलं जी हे? मग मुलंच सांगतील.

नंदीविषयी तुम्ही काही विचारलं नाही, कारण तो तुम्हाला पेटीतला ऐवज वाटला नाही. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. सागाचा, चाकांचा, शिंगाला जुना रंग असलेला नंदी तीन-तीन पिढ्या चालतो. त्याला नवा ऑइलपेंट मारू नका, आजोबांनी दिलेला रंग खाली जाईल. धूळ झाडून, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फडक्याने द्या. चाक अडकत असेल तर आस बाभळीचा नवा करून घ्या, सुतार दहा मिनिटांत करतो. जुना आस फेकू नका, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. पोटाखाली बघा, कुणाचं नाव किंवा साल कोरलेलं असतं कधीकधी. यंदा त्याने कोणत्या घरांतून किती बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची ओवाळणी, आणला ते मुलाला वहीत लिहायला सांगा, आणि तुमच्या लहानपणी किती मिळायचा ते शेजारी तुम्ही लिहा.

मोठ्या भावांशी भांडू नका. त्यांचंही खरं आहे, माळ्यावर अडगळ साचली की घराचा भार वाढतो आणि उधई लागली की घर त्यांनाच सांभाळावं लागतं. फुटक्या बालद्या, गंजलेले डबे, कोरे छापील कागद, पुन्हा पुन्हा निघणारी एकसारखी पुस्तकं खुशाल द्या. त्यांना एकच विनंती करा, की आईंनी हातात घेऊन बाजूला ठेवल्याशिवाय काही तराजूत जाऊ नये. जे ठेवायचं ते एका पेटीत मावेल एवढंच ठेवा. दुसरी पेटी रिकामी करून त्यांना धान्याला द्या, त्यांचाही राग उतरेल. आणि भावांना एखादं भांडं निवडायला सांगा. माझ्या अनुभवात, सगळ्यात मोठ्याने भंगार म्हणणाराच कधीकधी तळाशी हात घालून एखादी वस्तू काढतो आणि खिशात ठेवतो.

पेटी माळ्यावर उघडू नका, तिथे अंधार आणि आईंना चढवणार नाही. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, की दुसऱ्या दिवशी दुपारी आईंची झोप होऊ द्या. चारच्या चहाला पेटी छपरीत आणा आणि त्यांच्या बाजेजवळ ठेवा. कडी मात्र त्यांनाच उघडू द्या.